सहाव्या बॅटरीखालच्या अक्षता

माझ्या हातचा एक कागद एका खदानीतल्या पत्र्याच्या खोलीत सहा-सात महिने भिंतीला चिकटवलेला होता. हिंदीत लिहिलेला, डावीकडे समास सोडलेला, ओळी पट्टीने आखलेल्या. त्यात असं होतं: सुरुंग उडवण्याआधी ज्या चौकीवर काही अडचण असेल तिनेच वॉकी-टॉकी सेटवर बोलावं, बाकीच्यांनी गप्प राहावं. हा नियम माझा होता. तो मी का केला आणि तो कागद काढायला मला स्वतःला तिथवर का जावं लागलं, ते तुम्हा दोघांना नीट क्रमाने सांगते. तुमच्या बाबांना यातलं अर्धंच ठाऊक आहे. ते तेव्हा सहावीत होते आणि दसऱ्याच्या सुट्टीत मावशीकडे नागपूरला गेले होते. नागपूर महाराष्ट्रात गेलं आणि आम्ही जबलपूरचे मध्य प्रदेशात राहिलो, त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. तरी आमच्या सगळ्या सुट्ट्या तिकडेच जात.

तुमचे आजोबा सिहोऱ्याच्या वाटेवरच्या एका गिट्टीच्या, म्हणजे खडीच्या, खदानीत फोरमन होते. खडकात भोकं पाडायची, त्यात दारू भरायची, तारा जोडायच्या आणि दुपारी एक वाजता सुरुंग उडवायचा, हे त्यांचं काम. ज्या यंत्राने सुरुंग उडे त्याची चावी एकच होती आणि ती त्यांच्या खिशात असे. दगड कुठवर उडेल याचा नेम नसतो, म्हणून खदानीच्या चारही बाजूंना एकेक माणूस लाल झेंडी घेऊन उभा राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवी. एक सडकेची चौकी, एक गावाची, एक नाल्याची, एक वरच्या माथ्याची. आजोबांच्या पत्र्याच्या खोलीतून यातली एकही दिसत नसे. म्हणून पाच वॉकी-टॉकी सेट होते: झेंडीवाल्यांकडे चार आणि आजोबांकडे पाचवा.

सेट मजबूत होते, बॅटऱ्या थकल्या होत्या. प्रत्येक सेटला खालून साबणाच्या वडीएवढी बॅटरी बसायची आणि तिच्या आत सहा सेल असायचे. एक सेटमध्ये, एक राखीव, अशा एकूण दहा. नव्या मागवल्या आहेत, असं उत्तर मालकांच्या ऑफिसातून दर महिन्याला येई. शेवटी एका रविवारी आजोबांनी दहाच्या दहा पिशवीत भरून आणल्या आणि माझ्या पोळपाटाशेजारी मांडल्या.

"तू सायन्सवाली आहेस. ह्या पूर्ण मेल्या का थोड्या जित्या आहेत, सांग."

"आधी इथून उचला. कणकेला लागतील."

"म्हणजे बघशील."

"बघून राहिले ना मी. मध्ये बोलू नका."

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. घरी माझं स्वतःचं मीटर होतं, तारा जोडायला डाग देण्याची सळई होती आणि चार रंगांच्या पेन्सिली होत्या. अशा कामाला मला दुसरं काही लागत नसे.

त्या जातीच्या बॅटऱ्यांना दोन दुखणी असत. रोज थोड्याशा वापरून पुन्हा चार्जला लावल्या की त्या सुस्तावत. मीटरवर भरलेल्या दिसत आणि बोलायला घेतलं की बसत. त्यांना टॉर्चचा बल्ब जोडून हळूहळू रिकामं करायचं, पण अगदी तळ गाठू द्यायचा नाही, आणि मग चौदा तास मंद चार्ज करायचं. असं तीनदा. दुसरं दुखणं वाईट. सेलच्या पोटात केसासारखे बारीक काटे वाढतात आणि त्याची दोन टोकं आतल्या आत जोडली जातात. मीटर शून्य दाखवतं. मग जीपच्या मोठ्या बॅटरीपासून दोन जाड तारा आणायच्या आणि क्षणभर, खरोखर क्षणभर, त्या सेलला टेकवायच्या. ठिणगी उडते, काटे जळून तुटतात आणि शून्यावर पडून राहिलेलं मीटर वर सरकतं. हे मी मागच्या अंगणात, चष्मा लावून करत असे. तुम्ही कधी करू नका. तुमच्या फोनमधल्या बॅटऱ्या वेगळ्या असतात, त्या पेट घेतात.

वहीत मी प्रत्येक बॅटरीला एक पान दिलं आणि प्रत्येकीवर पांढऱ्या चिकटपट्टीने आकडा लावला. दोन महिन्यांत नऊ उठल्या. सहा नंबर हटून बसली होती. तिच्यातल्या एका सेलला एकदा झटका दिला, दोनदा दिला, तीनदा दिला, तो शून्यावरच. चौथ्यांदा वर आला. त्या पानावर मी लिहिलं: "चौथ्या झटक्याला फुस्स असा बारीक आवाज. नंतर मीटर बरोबर." आणि पुढे हिरव्या पेन्सिलीने खूण केली. आवाज ऐकला होता, लिहूनही ठेवला होता. तो कशाचा, हे स्वतःला विचारलं नाही. मीटर बरोबर होतं, तेवढं मला पुरलं.

आता उठवलेल्या बॅटऱ्या जपायला हव्या होत्या. सेट नुसता ऐकत असला की फार थोडी वीज खातो. बोलायचं बटण दाबलं की कितीतरी पटीने जास्त. आणि आजोबा सांगत त्यावरून तिकडे बोलणं पुष्कळ चाले. सुरुंगाआधी चौघंही दोन-दोनदा "साफ है" म्हणत, त्यात कुणाची सासू आली, कुणी डब्यात काय आणलं, हेही होई. म्हणून मी तो नियम केला. सगळं ठीक असेल तर बोलायचंच नाही.

आजोबांनी कागद वाचला, दुमडला, पुन्हा उघडला.

"अन् एखाद्याचा सेटच बंद पडला तर? तो गप्प आहे का सेट गप्प आहे, मला कसं कळंन?"

"म्हणूनच तर प्रत्येक बॅटरी मी तपासून देते आहे."

"ते आहे," ते म्हणाले, आणि कागद डब्याच्या पिशवीत ठेवला. माझ्या तपासणीवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

सहा-सात महिने सगळं नीट चाललं. दर आठवड्याला बॅटऱ्या घरी येत, मी मीटर लावी, वहीत आकडे लिही, त्या परत जात.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी ज्याच्या त्याच्या कामाची हत्यारं पाटावर मांडतात. माझ्या सासरचे पूर्वज मराठा फौजेच्या चाकरीत इकडे आले, ते तलवारी मांडत असतील. आमच्या पाटांवर आजोबांचा टेप, पाने, माझी विळी, कात्री, मीटर आणि त्या वर्षी दहा बॅटऱ्या. आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या. धुतलेल्या पांढऱ्या कापडावर मी त्या आकड्यांच्या क्रमाने ओळीत मांडल्या, प्रत्येकीखाली चिमूटभर हळदीच्या अक्षता. कुंकू मुद्दामच वापरलं नाही. चिकटपट्टीवरच्या आकड्यांवर त्याचा रंग पसरला असता. आणि पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत वापरायची नाही, जागची हलवायची नाही, असा आमच्या घरचा शिरस्ता. बॅटऱ्या खदानीत जायच्या आधी मी एरवी शेवटचं मीटर लावत असे. त्या वेळी लावलं नाही. मीटरही पाटावरच होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा बंद होती, खदान सुरू होती. आजोबांनी पहाटेच दहाही बॅटऱ्या पिशवीत टाकल्या आणि सहाच्या गाडीने गेले. सव्वानऊला, सगळं आवरून, मी पाटावरचं कापड उचलायला बसले. अक्षतांच्या दहा चिमटी जिथल्या तिथे होत्या. नऊ पिवळ्या. सहावी विटेसारखी लाल, आणि तिचे दाणे एकमेकांना चिकटलेले.

आधी वाटलं, कुंकू सांडलं असेल. पण कुंकवाची डबी देवघरातून बाहेर आलीच नव्हती. बोट लावून पाहिलं तर बुळबुळीत लागलं, साबणाच्या पाण्यासारखं. हळद साबणाने लाल होते, धुण्याच्या सोड्याने लाल होते, हे मी दर वर्षी सातवीच्या मुलींना हळदीचा कागद करून दाखवत असे. त्या बॅटऱ्यांच्या सेलमध्ये असाच पण फार जहाल क्षार असतो. तो आता माझ्या कापडावर होता. फुस्स आवाज झाला तेव्हा सेलचं तोंड सुटलं होतं, आणि इतके दिवस झिरपत झिरपत ते आता पुरतं उघडलं होतं.

बोट धुताना पुढचं सगळं माझ्यासमोर आलं. गळणारी बॅटरी ऐकण्यापुरती चालेल. सेट सुरू केला की सुर्र आवाज येईल आणि झेंडीवाला म्हणेल, चालू आहे. बोलायचं बटण दाबलं की ती बसेल. आणि माझ्या नियमाप्रमाणे जो बोलत नाही त्याच्याकडे सगळं ठीक आहे. दहापैकी पाच बॅटऱ्या सेटमध्ये जातात, पाच पिशवीत राहतात. सहा नंबर यांपैकी कुठे आहे, हे मला घरात बसून कळणार नव्हतं.

खदानीत फोन नव्हता. शेजारच्या डॉक्टरांच्या घरून मालकांच्या शहरातल्या ऑफिसात लावला. पुष्कळ वेळाने तिथल्या एका बाबूने उचलला.

"बहनजी, दशहरे के दूसरे दिन यहाँ कौन मिलेगा. बड़े बाबू तीन बजे आएँगे."

"खदान पर कोई आदमी भेज सकते हैं? एक बजे से पहले."

"गाड़ी तो सुबह निकल गई. बात क्या है?"

"एक बैटरी खराब है."

"बस? बैटरी शाम को बदल लेंगे. आप तो त्योहार मनाइए."

मी फोन ठेवला. चूक त्याची नव्हती. मी जे सांगितलं ते ऐकून मीही तेच म्हटलं असतं.

सिहोऱ्याची बस दहा वाजता सुटायची, ती पावणेअकराला सुटली. गावाबाहेर पडेपर्यंत तीन ठिकाणी देवीच्या मिरवणुका आडव्या आल्या. एका ट्रकमागे आम्ही अर्धा तास रांगत होतो. पुढे बँड, मागे नाचणारी माणसं, वर प्रचंड मूर्ती. बसमधल्या बायका हात जोडत होत्या, खिडकीतून फुलं टाकत होत्या. मी घड्याळ पाहत होते. शेजारी बसलेल्या म्हातारीने विचारलं, "काय बाई, पेपर देबे जा रईं का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "तो फिर घड़ी छोड़ो, मैया को देखो." मी पाहिलं. देवीकडे काय मागितलं ते सांगत नाही, पण ते फार मोठं नव्हतं. फक्त सहा नंबर पिशवीत असू दे.

खदानीच्या फाट्यावर उतरले तेव्हा बारा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. तिथून कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना पळसाची झुडपं आणि पांढरी धूळ. अर्ध्या वाटेत पहिला भोंगा वाजला. पावणेएक. मी धावले म्हणणं खरं होणार नाही. साडी आणि चपला यांच्यात जेवढं होतं तेवढं चालले. सडकेच्या चौकीचा झेंडीवाला लांबूनच झेंडी हलवत पुढे आला. चाळिशीचा, तोंडात पान, गळ्यात दोरीने अडकवलेला सेट.

"रुकिए बहनजी. एक बजे तक आगे नहीं."

"मैं फोरमन साहब की घरवाली हूँ. अपना सेट दिखाइए."

"अच्छा, नमस्ते. आइए, छाया में बैठिए. धड़ाम हो जाए, फिर मैं खुद छोड़ आऊँगा."

त्याचा सेट मी उलटा करून पाहिला. दोन नंबर.

"छह नंबर की बैटरी किसके पास है?"

"नंबर कौन देखता है. थैले में हाथ डाला, जो आई सो लगा ली."

सात महिने मी त्या आकड्यांच्या कडा कात्रीने सरळ कापत होते.

"साहब को बोलिए, अभी मत उड़ाना."

त्याने सेट छातीशी धरला. "बोलने का हुकुम नहीं है. अड़चन हो तभी. अंदर कागज लगा है, पक्का लिखा हुआ."

"वह कागज मैंने लिखा है."

"तब तो आपको मालूम ही है," तो म्हणाला.

तो उद्धटपणे बोलला नाही. त्याला जे शिकवलं होतं ते तो नीट पाळत होता, आणि शिकवणारी मीच होते. वाद घालायला वेळ नव्हता. मी त्याच्या झेंडीखालून वाकून पुढे गेले आणि रस्त्याच्या मधोमध खदानीच्या दिशेने चालायला लागले.

"अरे, ओ बहनजी. कहाँ चलीं?"

"अब अड़चन है ना? बोलिए."

परक्या बाईला हात धरून ओढायचं तर त्याला जमेना. तो माझ्या बाजूने उलट्या पावलांनी धावत राहिला आणि मग त्याने बटण दाबलं. "सड़क चौकी. साहब रोको, रोको. एक बाई घुस गई है."

तेवढ्यात दुसरा भोंगा सुरू झाला. पाच मिनिटं उरल्याचा तो भोंगा. तो थांबेपर्यंत सेटमधलं काही ऐकू येईना. थांबल्यावर आजोबांचा आवाज आला.

"कौन बाई?"

झेंडीवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि सेटमध्ये म्हटलं, "आपकी."

मी सेट त्याच्या हातातून घेतला. "अहो, चावी काढा. चावी काढून खिशात ठेवा, मग पुढचं ऐका."

"तू? काहून आलीस इथे?"

"चावी काढली का?"

"काढली."

"आता एकेका चौकीला बोलायला लावा. सगळ्यांना. जो बोलणार नाही, त्याची बॅटरी बसली आहे. तो गप्प आहे म्हणजे ठीक आहे असं समजू नका."

लगेच हिंदीत आजोबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा सावकाश. "गाँव चौकी."

"साफ है साहब."

"माथा."

"साफ."

"नाला."

सुर्र. "नाला चौकी, बोलो." पुन्हा सुर्र. तिसऱ्यांदा त्यांनी झेंडीवाल्याला त्याच्या नावाने हाक मारली. उत्तर आलं नाही.

माझ्याबरोबरचा झेंडीवाला पान थुंकून म्हणाला, "वो तो सोने वाला आदमी नहीं है."

आम्ही दोघं पत्र्याच्या खोलीकडे निघालो. पाच मिनिटांची चढण होती. आजोबा खोलीबाहेर, खदानीच्या काठावर उभे होते. मला पाहून त्यांनी हाताने तिथेच थांब अशी खूण केली. ते खाली बघत होते.

खाली खदानीच्या तळाशी, जिथे दारू भरलेली भोकं ओळीने होती आणि त्यांच्या तारा जमिनीवर पसरल्या होत्या, तिथून नाल्याचा झेंडीवाला धावत येत होता. पन्नाशी ओलांडलेला, किडकिडीत माणूस. एका हातात झेंडी, एका हातात सेट. तो एकेका तारेवरून पाय उचलून येत होता आणि ओरडत होता, पण काय ते वर पोचत नव्हतं. तारांच्या आसपास सेटचं बटण दाबायचं नाही, त्याच्या लहरींनी सुरुंग उडू शकतो, असा खदानीचा फार जुना नियम. तो त्याने तेव्हाही पाळला. सेट हातात असून तोंडानेच ओरडत होता.

मी माझं घड्याळ पाहिलं. एक वाजून तीन मिनिटं.

आजोबांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला, चावी आत आहे का ते चाचपलं, आणि हात तिथून काढला नाही.

तो वर आला तेव्हा त्याला बोलायला दम नव्हता. मग तुटक तुटक कळलं. देवीच्या विसर्जनाहून परतणाऱ्या बायकांनी भरलेली एक ट्रॅक्टरची ट्रॉली त्याची चौकी चुकवून नाल्याच्या पात्रातून आली होती आणि खदानीच्या कडेखालीच चिखलात रुतली होती. ट्रॅक्टरवाला बायकांना खाली उतरवून चाकाखाली दगड घालत होता. भोंगा त्यांनी ऐकला, पण त्यांना तो मिरवणुकीतला वाटला.

आजोबांनी दोन माणसं ट्रॉली काढायला पाठवली. मग ते खोलीच्या सावलीत जमिनीवर बसले, जसे ते कधी बसत नसत, कपडे मळतील याचा विचार न करता.

मी नाल्याच्या झेंडीवाल्याच्या हातातून सेट घेतला. खालच्या बाजूला सहाचा आकडा होता, ओला. त्याचा तळहात लाल झाला होता आणि मधे कातडी पांढरी पडली होती. मी त्याला माठाजवळ बसवलं आणि हातावर पाणी ओतत राहिले. असल्या क्षाराला भरपूर पाणी, दुसरं काही नाही.

"मैं समझा पसीना है," तो म्हणाला.

"जलता है?"

"अब जल रहा है. दौड़ते में पता नहीं चला."

माठातलं अर्धं पाणी संपलं तेव्हा मी म्हटलं, "यह बैटरी मैंने ठीक की थी. ठीक नहीं हुई थी."

"पुरानी चीज है बहनजी. आप क्या करेंगी."

त्याने मला सोडून दिलं होतं. मी गप्प बसले असते तर ते तिथेच मिटलं असतं. "और वह कागज भी मेरा है," मी म्हटलं. "चुप रहने वाला."

त्याने खोलीच्या उघड्या दारातून भिंतीकडे पाहिलं. "वो आपका है? हम लोग तो सरकारी समझे थे. इतना साफ लिखा है." सडकेचा झेंडीवाला हसला. हा हसला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मैंने चार बार बोला सेट पर. पाँचवीं बार नहीं बोला. मेरी आवाज नहीं जा रही, तो साहब क्या समझेंगे, वह तो मुझे मालूम था. इसलिए भागा."

मी पाणी ओतत राहिले. मग आत गेले आणि कागद काढला. चांगला चिकटवला होता, नखाने खरवडावा लागला. दाराशी आजोबा उभे होते.

"आता नवा लिहून दे," ते म्हणाले.

"तुम्ही सांगा. तोंडी सांगा, प्रत्येकाला समोर उभं करून. आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या."

त्यांनी मला वाकडं काही म्हटलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. फक्त म्हणाले, "तुझी तपासणी आहे म्हणून मी विचारायचं सोडलं होतं. माझंही चुकलंच ना." हे ऐकणं रागावण्यापेक्षा जड गेलं.

दारू भरलेली भोकं तशीच सोडून घरी जाता येत नाही. सुरुंग त्याच दिवशी उडवायलाच हवा होता. ट्रॉली निघून बायका पलीकडच्या रस्त्याला लागल्यावर आजोबांनी तीनची वेळ ठरवली. पिशवीतल्या राखीव बॅटऱ्या मी एकेक करून सेटला लावल्या, बटण दाबून धरून प्रत्येकीवर दहापर्यंत मोजलं, आणि ज्या टिकल्या त्याच दिल्या. नाल्याच्या चौकीवर दुसरा माणूस पाठवू असं आजोबा म्हणाले, तर हाताला ओलं फडकं गुंडाळलेला तो म्हणाला, "साहब, नाला मेरा है." आणि गेला.

तीनला पाच मिनिटं असताना भोंगा झाला. मी खोलीत स्टुलावर बसले होते. यंत्र आजोबांच्या समोर होतं, चावी खिशात.

"सड़क."

"साफ है. अब कोई बाई नहीं है."

"गाँव."

"साफ."

"माथा."

"साफ है साहब."

"नाला."

सुर्र. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचे दोन्ही हात टेबलावर उताणे होते. तीन वाजले. तीन वाजून एक मिनिट झालं. "नाला," ते पुन्हा म्हणाले. सुर्र. मी स्वतःशी बॅटरीचा आकडा आठवत होते: आठ नंबर, दहापर्यंत टिकलेली, वहीत मीटर बरोबर. त्या मीटरचा मला काही आधार वाटत नव्हता. तीन वाजून दोन मिनिटं. सडकेच्या चौकीवरून कुणी काही विचारू पाहत होता, त्याला आजोबांनी एका शब्दात गप्प केलं.

मग सुरसुर तुटली.

"नाला. एक बकरी थी साहब, उसको भगा रहा था. अब साफ है."

"फिर से बोलो."

"साफ है. आदमी नहीं, गाड़ी नहीं, बकरी नहीं."

"एक बार और," आजोबा म्हणाले. त्याने तिसऱ्यांदा सांगितलं, आणि तेव्हा कुठे त्यांनी खिशात हात घातला.